घाटात गाडी नुसती रेस घेते, वेग वाढत नाही : गिअरबॉक्स गेला का?

भाऊ, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना रेस वाढते पण गाडी पळत नाही, आणि मेकॅनिक गिअरबॉक्स उघडायला सांगतो, असं तुम्ही लिहिलंय. घाई करू नका. हातानं गिअर टाकायच्या गाडीत गिअर दातात दात अडकून चालतात, ते घसरत नाहीत. फार तर गिअर सुटून न्यूट्रलला येतो. घसरते ती बहुतेक वेळा क्लचप्लेट, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारी चकती.

सपाट मोकळ्या जागी, समोर कोणी नसताना, हँडब्रेक पक्का ओढा. चौथा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच पकडतोय. चालूच राहिलं तर घसरतोय. एकदाच करा, नाहीतर प्लेट जळेल.

खर्चाआधी क्लचची केबल बघा. पेडलला सुरुवातीला थोडा मोकळा खेळ नसेल तर प्लेट पूर्ण दाबली जात नाही. केबल सैल करून काम भागू शकतं. इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर ऑइल दिसलं तर सील आधी बदला, नाहीतर नवी प्लेटही तेलकट होईल. प्लेट घालायचीच तर प्रेशर प्लेट (क्लचप्लेट दाबून धरणारी) आणि क्लचचं बेअरिंगही सोबत घाला, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच.

आणि पावसाळ्यात काळ्या मातीत फसलेली गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून, काढत बसू नका, त्यानंही प्लेट जळते. ट्रॅक्टर बोलवा.