वाचकांचे प्रश्न : मुलींच्या शाळेतील गुणगौरव

दहावीचा निकाल लागून नवे वर्ष सुरू झाले, की शाळाशाळांतून गुणगौरव समारंभांची तयारी सुरू होते आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही त्याप्रमाणे बदलतो. कोल्हापुरातील मुलींच्या माध्यमिक शाळांशी संबंधित अशी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत.

प्रश्न : मी मुलींच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. यंदा गुणगौरव समारंभाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. दर वर्षी दहावीतील पहिल्या तिघी, शिष्यवृत्तीधारक मुली आणि क्रीडास्पर्धा जिंकलेल्या दोन-चार जणींचा सत्कार होतो. पाहुण्यांची भाषणे तासाच्या वर जातात आणि बाकीच्या मुली टाळ्या वाजवून घरी जातात. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की सत्कार मोजक्यांचाच हवा, नाहीतर त्याचे मोल राहत नाही. काही सहकारी शिक्षिकांना वाटते, की प्रत्येक मुलीला काहीतरी द्यावे. यातून मार्ग कसा काढावा?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही म्हणण्यांत थोडे तथ्य आहे, पण दोन्हीही पुरती पटण्याजोगी नाहीत. सरसकट सगळ्यांच्या हातात प्रमाणपत्र ठेवले, तर मुली वर्गात पोहोचेपर्यंत त्याची घडी घालून दप्तरात कोंबतात, कारण ते कशासाठी मिळाले हे त्यांना घरी सांगता येत नाही. दुसरीकडे, राज्य मंडळाने दहावीची गुणवत्ता यादी जाहीर करणे बंद करून बरीच वर्षे झाली, तरी शाळांनी आपापली छोटी गुणवत्ता यादी मात्र जपून ठेवली आहे, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मुलीला शाल-श्रीफळ व अर्ध्या टक्क्याने मागे राहिलेल्या चौथीला टाळ्या वाजवण्याचे काम, हा प्रकार चालूच आहे.

किती जणींचा सत्कार करायचा हे आधी ठरवू नका. वर्गशिक्षिका, क्रीडाशिक्षिका, कलाशिक्षिका आणि प्रयोगशाळा सहायक यांना एकत्र बसवा आणि ज्या ज्या मुलीबद्दल दोन खरी, नेमकी वाक्ये लिहिता येतील त्या मुलींची यादी करा. ‘उत्कृष्ट खेळाडू’ हे नेमके वाक्य नव्हे. ‘विभागीय खो-खो स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात संघाचे सहा गडी बाद झालेले असताना हिने दोन मिनिटे दहा सेकंद संरक्षण केले’ हे नेमके वाक्य आहे, आणि ते व्यासपीठावरून वाचले गेले की मागच्या रांगेतल्या पाचवीच्या मुलीलाही कळते, की कौतुक कशाचे चालले आहे. हीच कसोटी गुणांनाही लावावी. गणितात सहामाहीला ३८ आणि वार्षिक परीक्षेत ७१ गुण मिळवणारी मुलगी पहिल्या तिघींत कधीच येणार नाही, पण तिच्याबद्दल सांगण्याजोगे बरेच आहे. दहावीत एखादा विषय राहिला म्हणून पुरवणी परीक्षेला बसून तो सोडवणारी मुलगी तर बहुतेक शाळांच्या हिशेबातच नसते; निकाल लागेपर्यंत समारंभ उरकलेला असतो आणि ती शाळेत येते ती केवळ दाखला न्यायला. दाखला देतानाच मुख्याध्यापिकांनी तिला आपल्या खोलीत बसवून पेढा दिला आणि तिचे नाव त्या आठवड्याच्या परिपाठात घेतले, तरी पुरे.

अशी यादी केल्यावर अभ्यासाबाहेरची नावे आपोआप वाढतात, आणि कोल्हापूरला त्याचे वावडे असण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्याच नेमबाज राही सरनोबत यांच्या हातात बंदूक पहिल्यांदा आली ती शाळेतल्या एनसीसीमध्ये; पुढे २०१८च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्यांच्याआधी २०१०मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या ठरल्या होत्या. आज ज्या शाळा या दोघींची नावे भाषणात घेतात, त्यांनी आपल्या एनसीसीच्या मुलींना, एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत श्रेणी मिळवणाऱ्यांना आणि विज्ञानातील कल्पनांसाठीच्या इन्स्पायर पुरस्कारासाठी निवडल्या गेलेल्या मुलींना व्यासपीठावर किती वेळ दिला, हे एकदा मागच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत पाहावे.

शिष्यवृत्तीबद्दल दोन गोष्टी आवर्जून सांगतो. आठवीत जी एनएमएमएस परीक्षा होते, तिच्या मराठी नावातच ‘आर्थिक दुर्बल घटक’ हे शब्द आहेत आणि अनेक निवेदक ते संपूर्ण नाव माइकवरून ठणठणीत आवाजात वाचतात. चौदा वर्षांच्या मुलीला साऱ्या शाळेसमोर आपली घरची परिस्थिती ऐकावी लागते. ‘एनएमएमएस शिष्यवृत्तीधारक’ एवढे म्हटले तरी कोणाचे काही अडत नाही. दुसरी गोष्ट अशी, की ही शिष्यवृत्ती नववी ते बारावी अशी चार वर्षे दर वर्षी १२,००० रुपये मिळते, पण त्यासाठी दर वर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावे लागते. आठवीत गुलाबपुष्प देऊन सत्कार झालेल्या मुलीचा दहावीतला अर्ज आधारवरील नाव जुळत नाही म्हणून अडकतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, हे मी पाहिले आहे. समारंभाच्या वहीतच एक पान राखून मागील तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीधारक मुलींची नावे आणि नूतनीकरणाच्या तारखा लिहून ठेवा. त्या पानाइतका मोठा सत्कार दुसरा नाही.

आता वेळेविषयी. आपल्या शाळेत करवीर, पन्हाळा, राधानगरी भागांतून मुली येत असतील, तर त्यांच्यापैकी अनेक जणी अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत एसटी पासवर प्रवास करतात. पाहुण्यांना उशीर झाला, की समारंभ सहापर्यंत लांबतो आणि रंकाळा स्टँडवरून सुटणारी गाडी चुकेल या धास्तीने मुली आपले नाव पुकारले जाण्याआधीच दप्तर आवळून बसलेल्या असतात. समारंभ सकाळच्या सत्रात ठेवा. सत्कार आधी आणि भाषणे नंतर, हा क्रम एकदा लावून पाहा. पाहुणे नाराज होतील ही भीती निराधार असते, कारण ज्या मुलींविषयी बोलायचे त्या कोण हे त्यांनाही तोवर कळलेले असते. स्थानिक दानशूर, नगरसेवक, संस्थेचे माजी पदाधिकारी यांचे सत्कार करायचेच असतील, तर एका ओळीत आभार मानून मोकळे व्हावे. मुलींच्या गुणगौरवात नऊ मोठ्या माणसांना हार घातले जातात आणि मुलींची पाळी येईपर्यंत हार संपतात, ही गंमत आपल्याकडे नवी नाही.

हलगी, लेझीम आणि फेटे जरूर असावेत. कोल्हापुरात त्यावाचून उत्सव वाटतच नाही. फेटा बांधायला प्रत्येकीमागे दोन-तीन मिनिटे लागतात एवढे धरून बांधणाऱ्याला दीड तास आधी बोलवावे.

प्रश्न : माझी मुलगी दहावीला शाळेत पहिली आली. निकालानंतर चौथ्या दिवशी आमच्या चौकात तिच्या फोटोचा डिजिटल फलक लागला. त्यावर तिचे पूर्ण नाव, गाव आणि टक्के आहेत. शिवाय शाळेखेरीज दोन खासगी क्लासनीही तिचा फोटो आपापल्या फलकांवर लावला आहे. आम्हाला कोणीही विचारले नव्हते. मुलीला रस्त्यात अनोळखी मुले नावाने हाक मारू लागली आहेत. तक्रार केली तर ‘कौतुक सोसत नाही’ असे म्हणतील, म्हणून गप्प आहे. काय करावे?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : गप्प राहू नका. तुमची मुलगी अठरा वर्षांखालील आहे आणि तिचे नाव-छायाचित्र कोठे लावायचे हे ठरवण्यात पालकांचा शब्द पहिला असला पाहिजे. फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर तिची माहिती टाकण्याबाबत तर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. चौकातल्या फलकांचा विषय वेगळा. महापालिकेच्या परवानगीशिवाय सार्वजनिक जागी फलक लावणे हा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याचा, म्हणजे १९९५च्या कायद्याचा भंग ठरतो.

कायद्याचे कलम काढण्यापूर्वी मुख्याध्यापिकांना अर्धे पान पत्र लिहा. फलक उतरवावा, पुढील वर्षापासून छायाचित्रासाठी स्वतंत्र लेखी संमती घ्यावी आणि फलकावर गावाचे नाव मुळीच नसावे, एवढ्या तीन मागण्या करून पत्राची पोच घ्या. शाळा बहुधा ऐकते. क्लासवाल्यांना तोंडी न सांगता तेच पत्र त्यांच्या नावाने द्या, आणि मुलगी त्यांच्या क्लासला कधी गेलीच नसेल, तर तसे त्यात स्पष्ट लिहा. एकाच मुलीच्या यशावर तीन क्लास हक्क सांगतात आणि तिघांनाही ती वर्गात कोणत्या बाकावर बसायची हे सांगता येत नाही, असे दर जूनमध्ये घडते.

कोल्हापूरकरांना डिजिटलची हौस आहे हे मान्य. पण त्या फलकावर वर अकरा नेते, खाली सतरा शुभेच्छुक आणि कोपऱ्यात तिकिटाएवढी मुलगी असेल, तर ते तुमच्या मुलीचे कौतुक आहे असे समजून संकोच बाळगण्याची गरज नाही. नावाने हाक मारणारी मुले रोज त्याच ठिकाणी उभी राहत असतील, तर मात्र शाळेच्या पत्राची वाट न पाहता जवळच्या पोलिस ठाण्यात सांगा. निर्भया पथकाचे काम तेच आहे.

प्रश्न : मी याच शहरातील मुलींच्या शाळेची माजी विद्यार्थिनी आहे. आईच्या स्मरणार्थ शाळेत ५०,००० रुपयांची कायम ठेव ठेवून तिच्या व्याजातून दर वर्षी दहावीत संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस द्यावे, असे मनात आहे. यात काही सुचवाल का?
— एक माजी विद्यार्थिनी

उत्तर : आपला विचार उत्तम आहे, मात्र ठेवीच्या अटी लिहिताना थोडा हात सैल ठेवा. जुन्या शाळांच्या दप्तरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ठेवलेल्या पाचशे-हजार रुपयांच्या ठेवी आजही असतात. त्यांचे व्याज वर्षाला फार तर साठ-सत्तर रुपयांच्या घरात येते आणि त्या पैशांत दात्याच्या इच्छेप्रमाणे ‘रौप्यपदक’ द्यायचे कसे, या विवंचनेत लिपिक दर वर्षी एक पेन आणतात. आपल्या ठेवीला सहा टक्के व्याज धरले, तर वर्षाला ३,००० रुपये हाती येतील. ही रक्कम आज बरी आहे, वीस वर्षांनी ती किती उरेल याचा अंदाज आपणच करा. म्हणून अटींत असे लिहा, की व्याजातील काही भाग मुद्दलात जमा करावा, आणि बक्षीस कोणत्या विषयाला द्यावे हे ठरावीक वर्षांनी बदलण्याचा अधिकार शाळेच्या समितीला असावा. संस्कृत घेणाऱ्या मुली उद्या चारच उरल्या, तर त्या बक्षिसाला अर्थ राहणार नाही.

आणखी एक सुचवतो, आवडले तर पाहा. पहिल्या क्रमांकाच्या मुलीला बहुतेक वेळा आणखी पाच बक्षिसे मिळणारच असतात. त्याऐवजी दहावीनंतर ज्या मुलीचे पुढचे शिक्षण प्रवेश शुल्कापायी अडते आहे तिला ही रक्कम जूनमध्ये, अकरावी किंवा पदविका प्रवेशाच्या वेळी हाती मिळेल अशी व्यवस्था करा. समारंभ ऑगस्टमध्ये होवो की डिसेंबरमध्ये, पैसे त्याची वाट पाहत अडकू नयेत. या शहराला ही रीत परकी नाही. १९१७मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करणाऱ्या शाहू महाराजांनी कृष्णाबाई केळवकरांच्या वैद्यकीय शिक्षणाला आधार दिला, तो त्या शिकत असताना. पदकापेक्षा तो उपयोगी पडला हे सांगायला नको. निवड करताना मुलीने सर्वांसमोर आपली अडचण मांडावी अशी अट मात्र ठेवू नका. वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापिका या दोघींना कळले तेवढे पुरे. आईचे नाव बक्षिसाला असू द्या, आणि शक्य असल्यास आईविषयी चार ओळी छापून पाकिटात ठेवा, म्हणजे घेणाऱ्या मुलीला ती कोण होती हे समजेल.

प्रश्न : मी नववीत आहे. जिल्हास्तरीय विज्ञान प्रदर्शनात माझ्या उपकरणाला बक्षीस मिळाले आणि पुढच्या महिन्यात शाळेत सत्कार आहे. पुकारताना माझे नाव, बाबांचे नाव आणि आडनाव असे पुकारतात. उपकरणाचे सगळे साहित्य माझ्या आईने आणून दिले आणि तिनेच रात्री माझ्याबरोबर ते जोडले. तिचे नाव पुकारा असे मी सांगितले तर चालेल का? बाबांना वाईट वाटेल का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : चालेल, आणि तू ते जरूर सांग. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहिण्याचा नियम केला आहे. तुला तो लागू होत नाही, पण व्यासपीठावरून नाव पुकारायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवरही आईचे नाव वेगळे छापलेले असते, हे तुझ्या ताईच्या किंवा शेजारणीच्या गुणपत्रिकेवर पाहा.

बाबांना आधी घरी सांग. त्यांना ते समारंभात अचानक ऐकू आले, तर वाईट वाटू शकते. जेवताना सहज सांगितलेस, तर बहुधा वाटणार नाही. दोघांचीही नावे पुकारता येतात, आई आधी आणि बाबा नंतर.

प्रमाणपत्रावरचे नाव मात्र शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे तसेच राहू दे, कारण पुढे ते एखाद्या अर्जाला जोडायचे झाले, तर नावातील फरकामुळे अडचण येते. पुकारण्यासाठीचे नाव एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून समारंभाच्या दोन दिवस आधी वर्गशिक्षिकांकडे दे. चिठ्ठीत खाली उपकरणाचे नाव आणि ते काय काम करते हेही एका वाक्यात लिही, कारण निवेदन करणाऱ्या बाईंनी ते पाहिलेले नसण्याचीच शक्यता जास्त आहे.