जपानचा डोंगराळ, खेड्यापाड्यांचा भाग पायी बघायचा असेल तर कुठे आणि कोणत्या ऋतूत जावं?

मध्य जपानातल्या किसो खोऱ्यात जा, आणि जमलं तर जूनच्या पावसात जा. बहुतेक जण तुम्हाला चेरीचा बहर नाहीतर नोव्हेंबरची लाल पानं सांगतील. तेही खोटं नाही, पण आपल्याला पावसातली डोंगरवाट कळते, म्हणून मी जून सांगते.

नोकरीनिमित्त चार वर्षं मी नागोयात होते. तिथून एक्स्प्रेसने तासाभरात नाकात्सुगावा, पुढे अर्धा तास बस, की आलं मागोमे. मागोमे ते त्सुमागो या किसोतल्या दोन जुन्या गावांमधली सुमारे आठ किलोमीटरची वाट मी चारही ऋतूंत चालले आहे. एदो म्हणजे आजचं टोकियो. तिथून डोंगरांतून क्योतोला जाणाऱ्या नाकासेंदो या जुन्या हमरस्त्याचा हा तुकडा. अख्खा रस्ता ५३० किलोमीटरच्या आसपास, वाटेत मुक्कामाची ६९ गावं, त्यांतली ११ किसोत.

जूनमध्ये हिनोकीच्या, म्हणजे जपानी सायप्रसच्या, रानाला ओला, गोडसर वास येतो. वाटेवर ठरावीक अंतराने घंटा टांगलेल्या असतात, अस्वलांना माणसाची चाहूल लागावी म्हणून. प्रत्येक घंटा जोरात वाजवून पुढे जायचं. मध्ये एक जुनं चहाघर लागतं. आत चुलाणाचा धूर असतो, गावातले स्वयंसेवक चहा देतात, आपण इच्छेला येईल ते पैसे ठेवायचे. छपरावर पाऊस वाजत असताना तिथे मी तासभर बसले होते.

याच दिवसांत होबामाकी मिळतं. तांदळाच्या उकडीत गोड कडधान्याचं पुरण, ते होओ या झाडाच्या रुंद पानात गुंडाळून वाफवलेलं, आणि एकाच डहाळीवर चार-पाच पुड्यांचा झुबका. पान उलगडल्यावर जो वास आला, त्याने मला थेट आजीच्या पातोळ्यांपाशी नेलं. हे मुलग्यांच्या सणाचं खाणं. तो सण जपानभर ५ मे रोजी होतो. किसोत तो जुन्या तिथीप्रमाणे महिनाभर उशिरा करतात, तोवर थंड खोऱ्यात ही पानं मोठी झालेली असतात.

हे रान आज उभं आहे त्यामागे एक कठोर इतिहास आहे. ओवारी म्हणजे नागोयाभोवतालचा मुलूख. तिथल्या सरदारांनी हिनोकीसह पाच जातींची झाडं तोडायला बंदी घातली होती. ‘एक झाड, एक मुंडकं’, म्हणजे झाड तोडलं की शीर गेलं, असं लोक तेव्हा म्हणत. इसेचं देऊळ दर २० वर्षांनी नव्याने बांधतात, त्यालाही लाकूड याच खोऱ्यातून जातं.

त्सुमागोबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो. रेल्वे बाजूने गेली आणि गाव ओस पडत चाललं. १९६८ पासून जुनी घरं सावरायला सुरुवात झाली, आणि १९७१ मध्ये गावकऱ्यांनीच ठरवलं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. आजही मुख्य रस्त्यावर विजेच्या तारा दिसत नाहीत. दिवसाचे पर्यटक संध्याकाळी पाचच्या सुमाराला निघून जातात, म्हणून मुक्काम इथेच करा.

बाकी ऋतूंचं थोडक्यात सांगते. चेरी इथे शहरांनंतर, साधारण एप्रिलच्या मध्याला फुलते. शरदात नाकात्सुगावाचं कुरी-किंतोन, म्हणजे फक्त चेस्टनट आणि साखरेची मिठाई, चुकवू नका, पण गर्दी धरून चाला. हिवाळ्यात वाटेवर बर्फ असतं, बुटांना खिळ्यांचे पट्टे लागतात आणि काही मुक्कामाची घरं बंद असतात.

पावसात दगडी फरसबंदी फार निसरडी होते, चांगल्या पकडीचे बूट घ्या. मागोमेकडून चाललात तर चढ कमी. शाकाहारी असाल तर खोली ठरवतानाच मासळीचं ‘दाशी’, म्हणजे मासळी उकळून काढलेलं पाणी, तेसुद्धा नको असं स्पष्ट कळवा. ते सूपापासून भाजीपर्यंत सगळ्यात असतं, आणि आयत्या वेळी सांगितलं तर त्या घरमालकिणीला काहीच करता येत नाही.