पाटीवर ‘शासनमान्य’ लिहिलेलं गावचं वाचनालय सरकारी असतं का?

बहुतेकदा नाही. ते स्थानिक संस्था चालवते. शासन 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायद्याखाली मान्यता नि अनुदान देतं. अ, ब, क, ड असा वर्ग असतो, त्यावर रक्कम ठरते. ती पुरते का, हे ग्रंथपालाला विचारू नका!

परंपरा मात्र कायद्याहून फार जुनी. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं. आमच्या नागपूरकडे तर कायद्याआधीपासून वाचनालयं आहेत.

आता कामही बदललंय. सकाळी म्हातारी मंडळी एकाच पेपरची पानं वाटून घेतात, तर उन्हाळ्यात दुपारभर कूलरजवळच्या खुर्च्या एमपीएससीवाल्या पोरांनी धरलेल्या. कादंबऱ्यांचं कपाट त्यामानानं निवांत.

सभासद होताना अनामतीची पावती जपून ठेवा, सोडताना लागते.