विंडोजची बीटा आवृत्ती सुरक्षितपणे कुठून घ्यायची आणि कशी टाकायची? मित्राने पेनड्राइव्हवर दिली आहे, ती चालेल का?

नाही चालत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतोय, कारण तुम्ही खाली लिहिलंय की "मित्र विश्वासाचा आहे, त्याच्या लॅपटॉपवर मस्त चालू आहे", आणि हेच वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की राहवलं नाही. मित्र असेल हो विश्वासाचा. पण ती फाईल काही त्याने बनवली नाही. त्याला कोणी दिली, त्या देणाऱ्याने कुठून उतरवली, मधल्या कोणी त्यात काय घुसवलं, हे तुमच्या मित्रालाही माहीत नसणार.

मी दारव्ह्याकडच्या एका गावात ऑनलाइन कामाचं सेंटर चालवतो. सातबारा, पीक विमा, पीएम किसानची केवायसी, दाखल्यांचे फॉर्म, थंब लावून पैसे काढून देणं, सगळंच. आणि बीटा, म्हणजे बाहेर यायच्या आधी तपासायला दिलेली कच्ची आवृत्ती, मला मनापासून आवडते. एक जुना लॅपटॉप खास त्यासाठीच ठेवलाय, नवीन काही आलं की त्याच्यावर टाकून बघतो, बिघडलं की फीडबॅक हबवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या तक्रारीच्या अ‍ॅपवर, लिहितो. म्हणजे हे नव्याला भिणाऱ्या माणसाचं उत्तर नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्यावर तोच आरोप आहे.

आरोप करणारे आमचे भाऊजी. माणूस दिलदार, बहिणीला सुखात ठेवलंय, सेंटरवर गर्दी झाली की स्वतःहून बसतात. २०२१ चा जुलै होता. विंडोज ११ ची नुकतीच घोषणा झालेली, २४ जूनला, आणि २८ जूनला मायक्रोसॉफ्टने इनसायडर लोकांना, म्हणजे बीटा तपासायला नाव नोंदवलेल्यांना, पहिली बिल्ड, म्हणजे तयार होत असलेली आवृत्ती, दिली होती. पण त्याच्या आधीच, जूनच्या मध्यात, २१९९६ नंबरची एक बिल्ड फुटून नेटवर फिरायला लागली होती. तालुक्याच्या एका दुकानदाराने भाऊजींना पेनड्राइव्ह भरून दिला. काळा पेनड्राइव्ह, त्याला पांढरी चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेलं "विन ११ फायनल". विंडोज ११ खरी बाहेर आली ५ ऑक्टोबर २०२१ ला. जुलैत कोणाकडेच फायनल नव्हती, खुद्द कंपनीकडेही नव्हती.

मी म्हटलं, भाऊजी, सेंटरच्या कॉम्प्युटरवर नको, माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी अधिकृत बिल्ड टाकून दाखवतो तुम्हाला. तर म्हणे, "अरे बाप्पा, लोकं टाकून ऱ्हायले अन तू अजून दहावरच! फुकट भेटते त काऊन नाही घ्याचं? त्याच्या दुकानात चार मशिनीवर चालू हाये." जवाई माणूस, त्यांना याहून जास्त काय बोलणार. मी विषय सोडला आणि दुसऱ्या दिवशी प्रिंटरच्या कामाला यवतमाळला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर सेंटरच्या कॉम्प्युटरवर टास्कबार मधोमध आलेला आणि भाऊजी खुशीत.

पेनड्राइव्ह उघडून पाहिला. सेटअपच्या बाजूला एक "अ‍ॅक्टिव्हेटर", म्हणजे पैसे न भरता विंडोज चालू करून देणारा प्रोग्रॅम, आणि एक टेक्स्ट फाईल, तिच्यात इंग्रजीत लिहिलेलं की आधी अँटीव्हायरस बंद करा. भाऊजींनी केलेला होता. मला रात्रभर झोप नाही.

सकाळी पीक विम्याची आणि पैसे काढणाऱ्यांची रांग. थंब मशीनचा लाल लाईटच लागेना, स्क्रीनवर "डिव्हाइस नॉट रेडी". नव्या बिल्डवर त्या मशीनचं सॉफ्टवेअर चालत नव्हतं, आणि न चालण्यात नवल काहीच नाही, बीटा निघाली त्या दिवशी कोणतीही थंब मशीनवाली कंपनी आपलं सॉफ्टवेअर तयार ठेवत नाही. रांगेत पुढे एक म्हातारी बाई होती, निराधारचे पैसे काढायला आलेली. तिने अंगठा लुगड्याला पुसला, पुन्हा ठेवला, थुंकी लावून पुसला, पुन्हा ठेवला, आणि मला म्हणाली, "बाबू, माह्या अंगठा घासला असन रे निंदून निंदून." तिला वाटलं दोष तिच्या अंगठ्याचा. मी तिला सांगत होतो की नाही आजी, मशीन बंद हाये, तरी ती अंगठ्याकडेच बघत होती. तिला तसंच परत पाठवावं लागलं. आज इतकी वर्षं झाली तरी त्या गोष्टीचा मला राग येतो.

थंब मशीन तर दिसणारी गोष्ट. न दिसणारी ही की त्या ब्राउझरमध्ये सेंटरच्या आयडीचा पासवर्ड सेव्ह होता, आणि डी ड्राइव्हला गावातल्या कास्तकारांचे आधार, पासबुक, सातबारे स्कॅन करून ठेवलेले होते. मी रांगेची माफी मागितली, नेटची वायर काढली, शेजारच्याच्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, कॉम्प्युटर पूर्ण फॉरमॅट मारून विंडोज १० परत टाकली. कागदपत्रांची कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर होती, ती मी नेहमी ठेवतो आणि ती हार्डडिस्क कामाशिवाय कॉम्प्युटरला लावून ठेवत नाही. म्हणून दुपारनंतर सेंटर चालू झालं.

भाऊजींचं आजही एकच म्हणणं, "कोणाचं काही गेलं का? नाही गेलं ना, मग?" तर त्याच जुलैत कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीने जाहीर केलं होतं की विंडोज ११ च्या नावाने खोटे सेटअप फिरताहेत. त्यांनी उदाहरण दिलेल्या फाईलच्या नावात हाच २१९९६ नंबर आणि पुढे "अ‍ॅक्टिव्हेटर" असं होतं, साईज १.७५ जीबी, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की खरंच विंडोज असेल, पण त्यातला बराचसा भाग बिनकामाच्या माहितीने फुगवलेली एकच फाईल होती. अशा सेटअपमधून कोणाला नुसत्या जाहिराती लागतात, कोणाला पासवर्ड चोरणारे ट्रोजन. आमच्या पेनड्राइव्हमध्ये नेमकी तीच फाईल होती असं मी म्हणत नाही. पण भाऊजी कपाशीची चोरबीटी, म्हणजे बिनपरवान्याचं बियाणं, घेत नाहीत, कारण त्याला बिल नाही, लॉट नंबर नाही, उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करायची, हे त्यांना बरोबर समजतं. मग चिकटपट्टीवरच्या विंडोजला हाच प्रश्न का विचारला नाही, याचं उत्तर त्यांनी मला अजून दिलेलं नाही.

आता तुमचं मुख्य. कुठून घ्यायची? बनवणाऱ्याकडून, दुसरीकडून कुठूनच नाही. विंडोजची असेल तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्याच्यात खाली विंडोज इनसायडर प्रोग्रॅम. मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं आणि ऑप्शनल डायग्नोस्टिक डेटा चालू करावा लागतो, म्हणजे तुमच्या मशीनची माहिती कंपनीकडे जाते, हे पटत नसेल तर बीटाच्या नादी लागू नका. हे सगळं फुकट आहे आणि २०१४ पासून चालू आहे. फुकटात मिळणारी गोष्ट चोरीची घ्यायची म्हणजे काय म्हणावं! टेलिग्रामवरची लिंक, यूट्यूब व्हिडिओच्या खालची लिंक, "हलकी केलेली", "फास्ट केलेली" विंडोज, सगळं वर्ज्य. अ‍ॅक्टिव्हेटर दिसला की तिथूनच मागे फिरा.

किती कच्ची आवृत्ती घ्यायची ते इनसायडरमध्ये चॅनेल निवडून ठरतं. चॅनेलची नावं बदलत राहतात, आधी फास्ट आणि स्लो रिंग होत्या, २०२० पासून चॅनेल म्हणतात. कॅनरी आणि डेव्ह सर्वात कच्चे, त्यातून बाहेर पडायचं तर साधारणपणे फॉरमॅट मारूनच. बीटा त्यातल्या त्यात बरी, आणि रिलीज प्रिव्ह्यू म्हणजे जवळपास पिकलेली. पहिल्यांदा करताय तर रिलीज प्रिव्ह्यूच घ्या, कोणी काही म्हणो.

लोक पेनड्राइव्ह का फिरवतात हे मला चांगलं कळतं. पाच-सात जीबीची आयएसओ, म्हणजे अख्ख्या विंडोजची एकच फाईल, आणि फोनला दिवसाला दीड-दोन जीबी, त्यात लाईन कधी जाईल त्याचा नेम नाही. शहरातल्या माणसाला हे सांगून समजत नाही. त्यावर इलाज हा की आयएसओच्या मागे लागायचंच नाही, विंडोज अपडेटमधून येऊ द्यायचं, ते तुकड्या-तुकड्याने उतरतं, मध्ये नेट गेलं तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. आयएसओच पाहिजे असेल तर तालुक्याला वायफायवर बसून मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून स्वतः उतरवा, पेनड्राइव्ह स्वतः बनवा. मग तो पेनड्राइव्ह मित्राला दिलात तरी मला काही हरकत नाही, फक्त त्याने तपासून घ्यावा.

तपासायचं कसं? कंपनी आयएसओसोबत एसएचए२५६ हॅश देते, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासून असते, तिला फाईल आणि पुढे एसएचए२५६ असं दिलं की तुमच्या फाईलची ओळ येते. दोन्ही जुळल्या पाहिजेत, एक अक्षरही वेगळं असलं तर ती फाईल काढून टाका. आणि हॅश कंपनीच्याच पानावरची बघा, ज्याने फाईल दिली त्याने सांगितलेली नाही. त्यातही मेख आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या विंडोजसारख्याच फुकट सिस्टिमची साईटच हॅक झाली, १७.३ च्या सिनॅमन आवृत्तीची लिंक बदलून चोराला आत शिरायला मागचं दार ठेवलेली आयएसओ लोकांच्या गळ्यात मारली गेली. साईटच ज्याच्या हातात गेली तो शेजारी लिहिलेली हॅशही बदलू शकतो, म्हणून लिनक्सवाले डिजिटल सहीची फाईल वेगळी देतात, ती तपासायला शिका.

आणि अधिकृत ठिकाणाहून घेतली म्हणजे झालं, असंही नाही. मार्च २०२४ मध्ये लिनक्समधल्या, फाईल दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्याशा सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी शिस्तीत मागचं दार बसवलेलं सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड या माणसाला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खोलात शिरला म्हणून उघड झालं. तोवर ते डेबियन या लिनक्सच्या टेस्टिंगमध्ये, फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या रॉहाइडमध्ये पोचलेलं होतं, म्हणजे कच्च्या आवृत्त्यांमध्ये, आणि रोजच्या वापरातल्या पक्क्या आवृत्त्या बहुतेक सगळ्या वाचल्या. उबुंटू या आणखी एका लिनक्सच्या २४.०४ ची बीटा यापायी आठवडाभर पुढे ढकलली. मी भाऊजींना हेच सांगतो की कच्ची आवृत्ती वापरणारा सगळ्यात पुढे उभा असतो, पहिला दगड त्यालाच लागतो, तर तिथे स्वतःच्या मशीनने उभं राहावं, गावाच्या आधार कार्डांना पुढे करू नये.

म्हणून टाकायची कुठे, तर ज्या मशीनवर कोणाचं काम अडून नाही तिच्यावर. जुना लॅपटॉप नसेल तर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, त्याच्यात टाका, बिघडली की डिलीट. रॅम ८ जीबी तरी पाहिजे, ४ मध्ये नुसता वैताग. डेस्कटॉपवर यूपीएस नसेल तर टाकूच नका, अपडेट अर्ध्यात असताना लाईन गेली तर काय होतं ते सांगायला नको. आधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या डिस्कवर, त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. अपडेट करून आलात आणि आवडलं नाही तर साधारण १० दिवस मागे जायचा पर्याय असतो, पण डिस्क क्लीनअपने जुन्या विंडोजच्या फाईल उडवल्या की तोही गेला.

एक राहिलंच. बीटाला मुदत असते. विंडोज ७ ची रिलीज कँडिडेट, म्हणजे फायनलच्या जवळ आलेली कच्ची आवृत्ती, लोकांनी २००९ च्या मे मध्ये हौसेने टाकली आणि विसरले, १ मार्च २०१० पासून ती दर दोन तासांनी आपोआप बंद पडायला लागली, जूनमध्ये मुदतच संपली. आताच्या बिल्डची तारीख रनमध्ये विनव्हर लिहिलं की दिसते. आणि पक्की आवृत्ती म्हणजे निर्धोक असंही समजू नका, विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं अपडेट पक्कं म्हणून आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्सच उडवून बसलं, कंपनीला ते थांबवावं लागलं. इनसायडर लोकांनी त्याची तक्रार आधीच फीडबॅक हबवर टाकलेली होती, कोणी वेळेत वाचली नाही. तरी मी तक्रारी लिहायच्या सोडत नाही, कारण बीटाचा खरा उपयोग तोच आहे, टास्कबार मधोमध दिसावा म्हणून नव्हे.

हे भाऊजी वाचतील, त्यांच्या फोनवर मीच हे अ‍ॅप टाकून दिलंय. तर भाऊजी, माझं भांडण नवीन विंडोजशी कधीच नव्हतं, त्या चिकटपट्टीशी होतं, आणि दिवाळीला याल तेव्हा जुन्या लॅपटॉपवर इनसायडर आपण दोघं मिळून टाकू.

आणि प्रश्न विचारणाऱ्या भाऊ, मित्राच्या पेनड्राइव्हवरून सेटअप आधीच चालवला असेल, तर त्या मशीनवर आता बँकेचं काही उघडू नका. नेट काढा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, ईमेलचा सगळ्यात आधी. मग दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा आणि सगळी पार्टिशन उडवून नव्याने टाका, नुसत्या स्कॅनवर विसंबू नका. आपल्या फाईल वाचवायच्या असतील तर फोटो आणि पीडीएफ तेवढे घ्या, एकही सेटअप फाईल सोबत नेऊ नका.