सासूबाईंच्या स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यावर

सासूबाईंच्या आजाराचे निदान नुकतेच झाले आहे, म्हणून पहिली विनंती अशी की हे दुखणे चार भिंतींत दडवू नका. ठाण्याच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमधील (ज्यू प्रार्थनामंदिरातील) ओळखीच्या मंडळींना स्पष्ट सांगा आणि कोणी "काही लागले तर कळवा" म्हणाले, तर संकोच न करता त्यांच्याकडून ठरावीक वार व दोन तास मागून घ्या, कारण तुमची झोप हाही सासूबाईंच्या उपचाराचाच भाग आहे.

शुक्रवारची संध्याकाळ विशेष जपावी. या आजारात दिवस मावळताना पुष्कळांची घालमेल वाढते आणि नेमकी तीच वेळ शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, दिव्यांची असते. खोलीत आधीपासूनच भरपूर उजेड ठेवा, गर्दी टाळा, पेटते दिवे त्यांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा आणि किद्दुशच्या (शब्बाथच्या आशीर्वाद-प्रार्थनेच्या) मनुकांच्या सरबताचा पेला अर्धाच भरून द्या. 'शेमा' या ज्यूंच्या मुख्य प्रार्थनेची सुरुवात तुम्ही करून द्या. पुढचे शब्द त्या बहुधा स्वतःच म्हणतील, आणि चुकले तरी दुरुस्त करू नका.

योम किप्पूरच्या (प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या) उपासाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा. जिवाला धोका असेल तर उपास न करणे हीच धर्माची आज्ञा आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना शांतपणे समजावून सांगा.

इस्राएलमधील नातलगांनी फोनवर त्यांच्याशी मराठीतच बोलावे. सरकारी मदतीची माहिती 14567 या ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनवर विचारता येते.