कॅशमियर स्टेज बँड खरंच शाळेतल्या मुलांचा होता का? तो सुरू कसा झाला?

प्रश्नकर्त्याने लिहिलंय की 'बेबी ड्रायव्हर' या सिनेमात 'कॅशमियर' नावाची एक ट्यून ऐकली, कुणीतरी सांगितलं की वाजवणारी हायस्कूलची पोरं आहेत, आणि त्यावर विश्वास बसत नाहीये.

बसू द्या. पोरंच आहेत. सोळा-सतरा वर्षांची, टेक्ससमधल्या ह्यूस्टन शहरातल्या कॅशमियर हायस्कूलची. नावाचा आपल्या काश्मीरशी संबंध शोधू नका. शहराच्या ईशान्येला कॅशमियर गार्डन्स नावाची वस्ती आहे, तिच्यावरून शाळेचं नाव पडलं. वस्ती कृष्णवर्णीयांची, कष्टकरी लोकांची. शाळा १९५७ची.

मी संगीताचा अभ्यासक वगैरे नाही. आमच्याकडे दोन पिढ्या लग्नाचा ब्रास बँड होता, सांगलीच्या बाजूला. दहावीपासून कॉलेज संपेपर्यंत प्रत्येक लग्नसराईत मी ट्रम्पेट फुंकलाय. पुढे भाच्याने ह्यूस्टनहून या पोरांच्या जुन्या रेकॉर्डिंगचं एक संकलन आणून दिलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला नोकरी करणारे, घरदार असलेले वादकच डोळ्यासमोर आले होते. तेव्हा तुमची शंका मला कळते.

सुरुवात कुठून धरायची? बँडपासून धरली तर १९६०च्या दशकाच्या शेवटापासून. पण खरं तर ती एका मास्तरापासून धरायला हवी. कॉनरॅड जॉन्सन, जन्म १९१५, टेक्ससमधल्याच व्हिक्टोरिया गावचे. नऊ वर्षांचे असताना ह्यूस्टनला आले. सॅक्सोफोन वाजवायचे. १९४०च्या दशकात त्यांचा स्वतःचा छोटा बँडही होता, ह्यूस्टनच्या क्लबांत वाजवणारा, ऱ्हिदम अँड ब्लूज म्हणजे कृष्णवर्णीयांच्या ठेकेदार, नाचायच्या संगीताच्या घराण्यातला. मोठ्या फिरत्या बँडबरोबर गावोगाव हिंडायचं की घरी राहायचं, असा पेच त्या काळच्या प्रत्येक चांगल्या वादकापुढे असायचा. जॉन्सननी घर निवडलं. १९४१पासून शाळांमध्ये बँड शिकवायला लागले ते १९७८पर्यंत, सदतीस वर्षं. मुलं त्यांना 'प्रॉफ' म्हणायची, म्हणजे प्रोफेसर.

आता 'स्टेज बँड' हा शब्द घ्या. वाद्यांची मांडणी पाहिली तर हा सरळसरळ जॅझ बिग बँड: सॅक्सोफोनची एक रांग, ट्रम्पेटची एक, ट्रॉम्बोनची एक, आणि मागे ड्रम, बास, गिटार, पियानो. पण अमेरिकेतल्या शाळांत बरीच वर्षं 'जॅझ' हा शब्द क्लबचा, दारूचा वास असलेला मानला जायचा. म्हणून 'स्टेज बँड' असं सोवळं नाव. आमच्या शाळेत गॅदरिंगला 'लावणी' लिहिलं की मुख्याध्यापक यादी परत पाठवायचे आणि 'लोकनृत्य' लिहिलं की तीच लावणी मंजूर व्हायची, तसंच.

तर असे स्टेज बँड शेकडो शाळांत होते, त्यांच्या स्पर्धा भरायच्या. वाजवायचं काय, तर बहुतेक जण छापील स्वरलिपी विकत आणून तीस वर्षांपूर्वीचं स्विंग, म्हणजे नाचायचं जुनं जॅझ, वाजवायचे. सगळे खुर्चीवर बसून, समोर स्टँड. एकट्याचा सोलो आला की तो उभा राहणार, वाजवून झालं की बसणार. कॅशमियरमध्येही आधी साधारण हेच चालायचं. आणि तीच मुलं घरी गेल्यावर रेडिओवर काय ऐकत होती? जेम्स ब्राऊन.

इथे थोडं थांबतो, कारण हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक कळला नाही तर हा बँड कळणार नाही. १९६५ ते १९६७ या दोन-तीन वर्षांत त्याने गाण्याचं वजनच हलवलं. त्याआधीच्या गाण्यांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी. त्याने सगळा भार पहिल्या मात्रेवर आणला. तो त्याला 'द वन' म्हणायचा. आपल्याकडे त्याला सम म्हणतात, एवढंच. समेवर सगळे एकत्र आदळायचे आणि मधल्या मोकळ्या जागेत प्रत्येकाने आपापला छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा. यात ट्रम्पेटने सूर लांबवायचा नसतो, टोल द्यायचा असतो. म्हणजे फुंकायची वाद्यंही ढोलासारखी वापरायची. ऐकायला सोपं वाटतं, पण पाच ट्रम्पेट एकाच क्षणी सुरू करणं आणि एकाच क्षणी बंद करणं यात भल्याभल्यांची फजिती होते. त्यातही बंद करणं जास्त अवघड. आमच्या बँडमध्ये चौघे जण होतो आणि चार वेगवेगळ्या वेळी थांबायचो.

१९६७मध्ये प्रॉफनी ओटिस रेडिंग या सोल गायकाचा कार्यक्रम पाहिला. सोल म्हणजे कृष्णवर्णीयांचं जीव ओतून गायचं संगीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिंग विमान अपघातात गेला, सव्वीस वर्षांचा होता. प्रॉफ तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, जॅझमध्ये मुरलेले. त्यांनी त्या मंचावर जे पाहिलं ते असं की गायकच नव्हे, वाजवणारेही हलतायत. पावलं टाकतायत, एकत्र वळतायत, आणि लोक वेडे होतायत. आपल्या पोरांना हे करता येईल, असं त्यांच्या डोक्यात बसलं. माझ्या मते बँडचा खरा जन्म इथे आहे, शाळेच्या दप्तरात तारीख कुठलीही असो.

पुढे काय केलं, तर दोन गोष्टी एकदम. मुलांना खुर्चीवरून उठवलं आणि विकतच्या स्वरलिपी बाजूला ठेवून स्वतः लिहायला घेतलं. 'कॅशमियर' ही ट्यून त्यांचीच. फंक (जेम्स ब्राऊनची ती समेवर आदळणारी शैली) आणि सोल, पण वाजवायची शिस्त बिग बँडची. हे मिश्रण तेव्हा शाळांत जवळपास कुणी करत नव्हतं.

पहिली गोष्ट वाटते तितकी सोपी नाही, हे मी स्वतःच्या ओठाची साक्ष काढून सांगतो. माझ्या वरच्या ओठाच्या आत एक बारीक गाठ अजून आहे. एका वरातीत अंधारात खड्ड्यात पाय गेला, ट्रम्पेटचा माउथपीस दातावर आपटला आणि ओठ मध्ये सापडला. घोडा पुढे, मी रक्त गिळत मागे, गाणं चालूच. ट्रम्पेट वाजवताना ओठ आणि माउथपीस यांची जागा केसभर सरकली की सूर फाटतो. आमचे मास्तर सांगायचे, टाच आधी टेकवू नकोस, गुडघा सैल ठेव, धक्का कमरेच्या वर येऊ देऊ नकोस. आणि आम्ही तर नुसते चालत होतो. प्रॉफची पोरं सूट घालून, डोलत, वळत, वाद्यं एका झटक्यात वर उचलत वाजवायची. वळताना फुप्फुसात हवा किती उरली आहे हे आधीच ठरवून ठेवावं लागतं, नाहीतर वळून झाल्यावर पुढचा टोल मारायला दमच नसतो. म्हणजे नाच वेगळा बसवायचा आणि वाजवणं वेगळं, असं जमत नाही. श्वासासकट सगळं एकत्रच बसवावं लागतं. सोळा वर्षांच्या मुलांकडून हे करून घ्यायला तालमीत किती तास गेले असतील!

दुसरी गोष्ट, स्वतः लिहिण्याची, कमी दिसते, पण मला ती मोठी वाटते. शाळेच्या बँडचा रोग असा की तो दर वर्षी फुटतो. सगळ्यात चांगला ड्रमर, सगळ्यात दमदार ट्रम्पेट, हेच शाळा संपवून बाहेर पडणार. लग्नाच्या बँडमध्ये चुलतभाऊ तीस-तीस वर्षं एकाच जागी वाजवतात, तरी आम्हाला जमत नव्हतं. इथे दोन-तीन वर्षांत माणसं पार बदलत होती. म्हणून तुम्ही जे संकलन ऐकाल तो एक बँड नाहीच. १९६९ची पोरं वेगळी, १९७४ची वेगळी. तरी आवाज एकच येतो. कारण संगीत लिहिणारा माणूस तोच होता आणि रोज समोर कोण बसलंय हे त्याला माहीत होतं. छापील स्वरलिपीला तुमच्या शाळेतला यंदाचा ट्रॉम्बोनवाला कच्चा आहे हे कळत नाही. मास्तरांना कळतं, आणि ते त्याच्या वाट्याला तीन सोपे सूर देऊन अवघड काम शेजारच्याकडे सरकवू शकतात.

मग निकाल लागायला लागले. १९६९ ते १९७७ या काळात ४६ स्पर्धांपैकी ४२ जिंकल्या, असा हिशेब सांगितला जातो. त्यातली १९७२ची अलाबामामधल्या मोबील शहरातली स्पर्धा सगळ्यात महत्त्वाची, तिथे त्यांना देशातला सर्वोत्तम हायस्कूल स्टेज बँड ठरवलं गेलं. अलाबामाचा गव्हर्नर तेव्हा जॉर्ज वॉलेस होता. १९६३मध्ये शपथ घेताना 'वर्णभेद आज, उद्या आणि कायम' असं ठणकावणारा तोच. त्याच्या राज्यात जाऊन कृष्णवर्णीय वस्तीतल्या शाळेने हा किताब आणला. नंतर युरोप झालं, जपान झालं.

रेकॉर्डही काढल्या, आठ एलपी. मोठ्या कंपनीने नव्हे, छोट्या स्थानिक लेबलवर, थोड्याशा प्रती. १९७४च्या एका रेकॉर्डचं नाव 'आउट ऑफ गॅस बट स्टिल बर्निंग', म्हणजे पेट्रोल संपलंय पण अजून पेटलेलोच आहोत. आदल्या वर्षी अरब देशांनी तेल रोखलं होतं आणि ह्यूस्टन म्हणजे तेलाचंच शहर. शाळेच्या रेकॉर्डला असलं नाव देणारा मास्तर मला फार आवडतो.

पुढचं थोडक्यात. १९७८मध्ये प्रॉफ निवृत्त झाले आणि बँडचे ते दिवस संपले. त्या रेकॉर्ड कुठेतरी माळ्यावर पडल्या. मग जुनं फंक धुंडाळणाऱ्या डीजे आणि संग्राहकांच्या हाती एकेक लागू लागली आणि २००६मध्ये 'टेक्सस थंडर सोल' हे संकलन आलं, भाच्याने आणलं ते हेच. २००८च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला पन्नाशीला आलेले जुने विद्यार्थी पुन्हा जमले आणि ब्याण्णव वर्षांच्या प्रॉफसमोर वाजवलं. काहींनी तीस वर्षांत वाद्याला हात लावला नव्हता. त्यानंतर लगेच, ३ फेब्रुवारीला, प्रॉफ गेले. या सगळ्यावर 'थंडर सोल' हा माहितीपट आहे, २०१०चा, जरूर बघा.

ऐकायचं कसं, हे विचारलं नाहीत तरी सांगतो. 'कॅशमियर' पुन्हा लावा, पण हेडफोनवर, आणि पहिल्या वेळी फुंकायच्या वाद्यांकडे दुर्लक्ष करून नुसता ड्रम आणि बास ऐका. दुसऱ्या वेळी ट्रम्पेटकडे कान द्या. टोल सुरू कधी होतो ते सोडा, तो कापला कधी जातो ते बघा. एखाद्या ठिकाणी एक जण जरासा उशिरा थांबतो. मला तरी तसं ऐकू येतं आणि दर वेळी हसू येतं, कारण आमच्या बँडमध्ये तो मी होतो.