जर्मनीत जुन्या बराकीतल्या सामूहिक घरात राहावं का?

तुम्ही विचारलंय की फ्रायबुर्गला शिकायला जाताय, तिथे जुन्या कारखान्यांत आणि लष्करी बराकींत लोक एकत्र राहतात, भाडंही कमी असतं, तर हे चालतं कसं आणि आपल्यासारख्याने राहावं का?

जरूर राहा. शिकत असताना मी अशाच घरात राहिलो. फक्त भाडं कमी का असतं, ते आधी समजून घ्या.

फ्रायबुर्गच्या व्होबाँ भागातल्या बराकी १९३०च्या दशकात जर्मन सैन्यासाठी बांधलेल्या. युद्धानंतर तिथे फ्रेंच सैन्य होतं, ते १९९२ साली गेलं. मग त्यातल्या चार बराकी 'झूझी' नावाच्या गटाने घेतल्या आणि बरंचसं काम स्वतः राबून केलं. बाकी काहींत विद्यार्थ्यांचं वसतिगृह झालं. याच शहरात ग्रेटर नावाचा जुना यंत्रांचा कारखाना आहे. तो वाचवणाऱ्यांच्या खटपटीतून 'मीट्सहॉयझर सिंडिकाट' हे अशा सामूहिक घरांचं जाळं उभं राहिलं. आज देशभरात त्याची दीडशेहून जास्त घरं आहेत.

त्यांची रचना अशी. घर एका कंपनीच्या नावावर असतं आणि कंपनीत भागीदार दोनच: राहणाऱ्यांची संस्था आणि सिंडिकाट. भाडं किती, खोली कुणाला, हे राहणारेच ठरवतात. पण घर विकायचं म्हटलं तर दोघांची संमती लागते आणि सिंडिकाट तिथे आडवं येतं. त्यामुळे जागेचे भाव कितीही चढोत, घर बाजारात जात नाही. मुंबई-पुण्यात पुनर्विकासाच्या नावाखाली भाडेकरूंची फरफट पाहिली असेल, तर याचं मोल तुम्हाला लगेच कळेल.

रोजचं म्हणाल, तर खोली आपली, बाकी सगळं सामाईक. आमच्या मजल्यावर दोन खोल्यांमधली भिंत काढून स्वयंपाकघर केलं होतं. भिंतीच्या जागी सिमेंटचा पट्टा तसाच होता, त्याच्या एका बाजूला लाकडी फळ्या, दुसऱ्या बाजूला फरशी. किराणा सगळ्यांच्या वर्गणीतून यायचा, दाराला साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता. माझी हळद आणि मोहरीही बघता बघता सगळ्यांची झाली.

खरी किंमत वेळेत मोजावी लागते. दर आठवड्याला बैठक, तिला 'प्लेनुम' म्हणतात. आमच्याकडे बहुमतावर काही होत नसे, सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं. वॉशिंग मशीन दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं, यावरही लांबलचक चर्चा व्हायची. जर्मन कच्चं असेल तर दमछाक होते, पण शेजारच्याला बिनधास्त विचारा, समजावून सांगतात.

खोली देण्याआधी घरातले सगळे मिळून भेटतात. तिथे परीक्षेतल्या मार्कांना फारसं महत्त्व नाही. काय रांधता, हाताने कसलं काम येतं, ते सांगा. सुट्टीत घरी जाणाऱ्याची खोली काही महिन्यांपुरतीही मिळते, सुरुवातीला तीच बरी.

एक मात्र पक्कं विचारून घ्या. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं पत्र लागतं. ते देणार नसतील, तर भाडं कितीही कमी असो, पैसे भरू नका.